मेंदूचं ऑपरेशन आणि सही: अम्माला न सांगता पुढे जायचं का?

हिप्परगा_काठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

माझी अम्मा ५४ वर्षांची. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. गेल्या महिन्यात मांडीवर सूप घेऊन पान कातरत बसली होती आणि एकदम उजवा हात आखडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. झटका दोनेक मिनिटांत ओसरला, पण नंतर बराच वेळ तिला शब्द सापडत नव्हते. हातात कात्री होती आणि 'कात्री' हा शब्द आठवेना. एमआरआय काढला. डावीकडे, बोलण्याच्या भागाला लागून गाठ आहे. डॉक्टर म्हणतात ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्याच पेशींची गाठ वाटतो, हळू वाढणारा असावा, पण तुकडा तपासल्याशिवाय पक्कं नाही. ऑपरेशन पुण्याला करायचं ठरतंय.

आता खरी अडचण. मामा आणि मोठा भाऊ म्हणतात, अम्माला काही सांगायचं नाही. तिला सांगितलंय की डोक्यात नस दबलीय, छोटंसं ऑपरेशन आहे. फॉर्म भावाच्या हातात दिला, इंग्रजीत, बरीच पानं. भाऊ नातेवाईक म्हणून सही करणार आणि अम्मा दाखवू तिथे तेलुगूत सही करणार. मला हे पटत नाही. डोकं तिचं, बोलणं गेलं तर तिचं जाणार, आणि तिलाच माहीत नाही. पण मी धाकटा, घरात माझं कोण ऐकतं? जाणकारांनी सांगा, कायद्यानं आणि माणुसकीनं काय बरोबर आहे?

विजापूर_वेस | सोमवार, रात्री १०:२०

सांगा. बाकीची चर्चा नंतर.

काका_सात_रस्ता | सोमवार, रात्री १०:४१

बाळा, मी तुझ्या मामांच्या बाजूचा. राग मानू नकोस.

माझ्या थोरल्या भावाला पोटाचा कॅन्सर निघाला. आमच्यातल्या एका शिकलेल्यानं हट्ट धरला, सगळं स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवणातून मन काढलं. औषधोपचार चालू होते, पण माणूस आतून बसला तो बसलाच. आपल्याकडे दुखणं एका माणसाचं नसतं, घराचं असतं. पैसा घर उभा करतं, उशाशी घर बसतं, मग निर्णय घरानं घेतला तर काय चुकलं? तुझी अम्मा डॉक्टर नाही. तिला ग्लायोमा सांगून काय समजणार, नुसती भीती बसणार.

वकिलीण_नवी_पेठ | सोमवार, रात्री ११:०५

काकांच्या भावना समजतात. पण प्रश्न कायद्याचाही विचारलाय, तर ते सांगते.

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या ऑपरेशनला त्याचीच संमती लागते. नवऱ्याची, मुलाची, भावाची सही त्याऐवजी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल यासाठी पायाभूत मानतात. १९९५ ची घटना. ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान होती, तात्पुरती बेशुद्ध होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. सख्ख्या आईची संमतीसुद्धा चालली नाही.

त्याच निकालात डॉक्टरांनी काय काय सांगायचं तेही आहे: उपचार कसला, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे 'तुकडा काढू' म्हणून घेतलेल्या सहीवर अख्खी गाठ काढता येत नाही.

तेव्हा नस दबल्याचं सांगून घेतलेली सही कागदावर सही दिसेल, पण तिला संमती म्हणता येणार नाही. आणि हा धोका डॉक्टरांवरही येतो. त्यांना हे माहीत आहे का, ते आधी विचारा.

भूल_तज्ज्ञ | सोमवार, रात्री ११:३०

मी भूल देणारी डॉक्टर, मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये काम करते. एकच प्रश्न: गाठ बोलण्याच्या भागाला लागून आहे म्हणता, तर जागं ठेवून ऑपरेशन करण्याबद्दल सर्जन काही बोलले का?

हिप्परगा_काठ | सोमवार, रात्री ११:३८

होय मॅडम. 'पेशंटला बोलतं ठेवून करू' असं म्हणाले. मामांना वाटलं, ऑपरेशननंतर बोलत्या राहतील असं काहीतरी म्हणायचंय.

भूल_तज्ज्ञ | मंगळवार, सकाळी ७:१५

नाही, त्याचा अर्थ शब्दशः आहे. आणि मग तुमच्या घरातला वादच मिटतो, कारण हे ऑपरेशन लपवून होऊच शकत नाही.

सांगते कसं असतं. कवटीवरच्या कातडीच्या नसांना बधिर करणारी इंजेक्शनं देतो. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी पेशंटला झोपवतात, डोकं तीन टोकांच्या चापात पक्कं बसवतात, हाड उघडतात. मग झोपेचं औषध थांबवतो आणि पेशंट जागा होतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे हे शक्य होतं. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड यांनी गेल्या शतकात याच पद्धतीनं मेंदूचा नकाशा काढला. सर्जन बारीक विजेच्या टोकानं एकेक जागा चेतवतात, समोर पेशंट चित्रं बघून नावं सांगतो. जिथे चेतवल्यावर शब्द अडकतो, तिथे खूण करायची आणि ती जागा सोडायची.

आता विचार करा. अम्मा डोळे उघडणार तेव्हा डोकं हलवता येणार नाही, एका कुशीवर झोपलेली, तोंडावरून हिरवा कपडा, मागे यंत्रांचे आवाज, आणि कोणीतरी म्हणणार 'हे काय आहे, सांगा'. तिला ठाऊक असेल नस दबलीय. ती घाबरणार, हलणार, कदाचित ओरडणार. हे तिच्यावर लादणं क्रूर आहे, धोक्याचंही आहे. आम्ही अशा पेशंटला आधी भेटतो, ऑपरेशनची खोली कशी असेल, कोणता आवाज येईल, लघवीची नळी असेल, तहान लागेल, सगळं सांगतो. तीच चित्रं आधी दाखवून सराव घेतो. ऑपरेशनच्या टेबलावर ती आमच्या टीममधली एक असते, आणि टीममधल्या माणसापासून योजना लपवून चालत नाही.

आणखी एक. ती तेलुगू बोलते हे सर्जनना सांगितलंय का? मराठीत तपासून 'बोलणं शाबूत' म्हणायचं आणि घरी गेल्यावर तेलुगू अडकायची, असं होऊ शकतं. १९७८ साली ओजेमन आणि व्हिटेकर यांनी दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांत दाखवलं होतं की नावं सांगण्याच्या काही जागा दोन्ही भाषांना सामाईक असतात, काही एकाच भाषेच्या. दोन्ही भाषांत तपासायला सांगा.

लिंगराज | मंगळवार, सकाळी ८:०२

मॅडमनी लिहिलेलं सगळं माझ्या धाकट्या भावानं अनुभवलंय. तो हिशेबनीस. टेबलावर त्याला वीसपर्यंत आकडे मोजायला सांगितले, तर म्हणाला, 'मॅडम, उलटे मोजतो, पगार त्याचाच मिळतो.' सगळी खोली हसली म्हणे. नंतर एकदा 'छत्री' म्हणता येईना. त्याला छत्री दिसतेय, कळतेय, पण तोंडातून नुसता 'छ'. सर्जननी टोक उचललं आणि शब्द आला. तो आजही सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो नाही, कारण असं होईल हे मला आधीच सांगितलं होतं.

हिप्परगाभाऊ, अम्माला सांगा. काही लागलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, भाऊ स्वतः बोलेल तिच्याशी.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ९:२०

अवांतर: सगळे केस काढतात का हो? माझ्या मावशीला ऑपरेशनपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

भूल_तज्ज्ञ | मंगळवार, सकाळी ९:३१

अवांतर अजिबात नाही. पुष्कळ सर्जन आता चिरेपुरती पट्टीच काढतात. विचारलं तर सांगतात, न विचारता कधी पूर्ण काढले जातात. बाईमाणसाला हे आधी विचारायलाच हवं.

जुनी_कात्रणं | मंगळवार, दुपारी १:१०

घरच्यांनी ठरवलं आणि पेशंटला विचारलंच नाही, याचं एक जुनं उदाहरण द्यायचं होतं.

रोझमेरी केनेडी, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची बहीण. तिची वाढ थोडी मंद होती, स्वभाव तापट होत चालला होता. १९४१ मध्ये, ती २३ वर्षांची असताना, वडिलांनी लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड कापायची शस्त्रक्रिया, करायला परवानगी दिली. करणारे वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स. भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण तीही जागी होती. तिला पाठ असलेलं म्हणायला लावत होते आणि तिचं बोलणं विस्कटलं तेव्हा हात थांबवला. त्यानंतर तिला धड चालता-बोलता येईना. पुढचं सगळं आयुष्य संस्थेत गेलं, २००५ मध्ये ती वारली. वडिलांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

आणि लोबोटॉमी ही कोण्या भोंदूची करामत नव्हती बरं का. ती शोधून काढणाऱ्या एगास मोनिझना १९४९ चं नोबेल मिळालं होतं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची संमती आणि वर मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी, दोन्ही बंधनकारक केलं. हा इतिहास माहीत असला की ते का केलं ते कळतं.

काका_सात_रस्ता | मंगळवार, दुपारी ३:४५

केनेडींच्या घरचं आणि पद्मशाली घरचं एका तराजूत घालू नका. तिथे बापानं लाज झाकायला केलं, इथे पोरं आईला जपतायत.

जागं ठेवून करतात हे मला माहीत नव्हतं, ते मानतो. पण मग सांगायचं किती? डॉक्टर ओपीडीत दहा मिनिटं देतात. त्यात अर्धांगवायू, वाचा जाणं, रक्तस्राव, मृत्यू, असं पाढ्यासारखं म्हणतात आणि 'करा सही'. ही माहिती देणं झालं का? त्यानं माणूस नको म्हणेल आणि बरा होणारा आजार घेऊन घरी बसेल. मग ती तिची मर्जी म्हणून आपण हात झटकायचे?

अक्कलकोट_रोड | मंगळवार, सायंकाळी ६:३०

काका, हा प्रश्न खरा आहे. आमच्या वडिलांचं सांगतो.

वय ७८, रक्त पातळ करण्याची गोळी चालू. न्हाणीघरात पडले, तेव्हा काही वाटलं नाही. तीन-चार आठवड्यांनी चालताना झोक जायला लागला, संध्याकाळ झाली की घरच्यांना ओळखेनात. सीटीत कवटी आणि मेंदूच्या मध्ये जुनं रक्त साठलेलं. सर्जन म्हणाले, दोन भोकं पाडून रक्त काढायचं. मृत्यूचा धोका ऐकताच वडील म्हणाले, नको. आम्ही हबकलो.

त्या सर्जनचे उपकार विसरणार नाही. ते म्हणाले, संध्याकाळच्या 'नको'वर मी फाईल बंद करणार नाही, आणि संध्याकाळच्या 'हो'वर ऑपरेशनही करणार नाही. सकाळी यांचं डोकं साफ असतं, तेव्हा बोलू. सकाळी आले, खुर्ची ओढून पलंगाशी बसले. आमच्या घरची भाषा कन्नड, त्यांना येत होती. आधी विचारलं, तुम्हाला काय झालंय ते तुमच्या शब्दांत सांगा. मग म्हणाले, न केल्यास काय होईल ते मी सांगितलंच नव्हतं, ते ऐका. रक्त असंच राहिलं तर शुद्ध जाईल. केलं तर बहुतेक लोक चालत घरी जातात, शंभरातल्या दहा ते वीस जणांत रक्त परत साठतं आणि पुन्हा काढावं लागतं. मग वडिलांना विचारलं, मी काय म्हणालो ते सांगा. वडिलांनी नीट सांगितलं आणि म्हणाले, करा.

धोके तेच होते. फरक पडला तो सांगण्यात, आणि न केल्यास काय हे सांगण्यात.

न्यूरो_ओपीडी | मंगळवार, रात्री ११:५०

उशीर झाला, आत्ता मोकळा झालो. मी न्यूरोसर्जन. हिप्परगा_काठ यांची केस माझी नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहितो.

जवळजवळ रोज होतं ते सांगतो. पेशंट आत येण्याआधी एक नातेवाईक दारातून डोकावतो आणि हळूच म्हणतो, 'डॉक्टर, त्यांच्यासमोर काही बोलू नका.' मी त्यांच्यावर चिडत नाही. घाबरलेला माणूस असंच करतो. मी पेशंटलाच विचारतो: 'तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं तुम्हाला सांगू, की मुलाला सांगू आणि त्यानं ठरवलेलं तुम्हाला चालेल?' काही जण खरंच म्हणतात, 'पोराला सांगा, तो म्हणेल तसं.' तोही त्यांचाच निर्णय, मी तो लिहून ठेवतो. पण तो पेशंटच्या तोंडून यायला हवा. काका, तुमचा मुद्दा इथे बसतो. घरानं ठरवावं असं अम्मांना वाटत असेल तर तसं होऊ शकतं. फक्त घरानं ते परस्पर गृहीत धरायचं नाही.

अशा गाठीत निवड खरोखरची असते, म्हणून हे इतकं महत्त्वाचं. हळू वाढणाऱ्या ग्लायोमात जितकी जास्त गाठ निघेल तितका पुढचा काळ साधारण चांगला जातो. पण शेवटचा तुकडा बहुधा कामाच्या भागाला चिकटलेला असतो. तो काढायचा की सोडायचा? काढला तर काही वर्षं वाढू शकतात आणि बोलण्याला धक्का लागू शकतो. सोडला तर बोलणं टिकेल, गाठ मागे राहील. याचं उत्तर माझ्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ते पेशंटच्या आयुष्यात असतं. गायिका एक सांगेल, दुकानदार दुसरं सांगेल.

इतर पर्यायही सांगायचे: नुसता तुकडा तपासणं, पूर्ण भूल देऊन करणं, काही काळ थांबून पुन्हा एमआरआय बघणं, नंतर लागू शकणारं रेडिएशन आणि केमो. न केल्यास झटके वाढू शकतात आणि अशी गाठ पुढे जास्त आक्रमक होऊ शकते. ऑपरेशननंतर काही दिवस बोलणं बिघडलेलं वाटू शकतं, ते बरेचदा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. हे आधी सांगितलं नाही तर घरचे हादरतात.

आणि शब्द अडकतात म्हणजे समज गेली, असं धरू नका. ज्याला वाक्य जुळवता येत नाही तो हो-नाही सांगू शकतो, चित्रावर बोट ठेवू शकतो. जरा वेळ लागतो, तो द्यायचा. मेंदूला सूज असेल तर ती उतरवणाऱ्या औषधांनी काही दिवसांत शब्द सुधारतात, मोठं बोलणं तेव्हा करावं.

दहा मिनिटांची तक्रार खरी आहे. म्हणून मी दोनदा बोलावतो. पहिल्या भेटीत कोणाच्याही डोक्यात काही शिरत नाही. सही दुसऱ्या भेटीला.

टेंभुर्णी_नाका | बुधवार, सकाळी १०:१५

माझा भाचा हायवेवर मोटारसायकलवरून पडला, डोक्यात रक्तस्राव, बेशुद्ध. आम्ही पोचेपर्यंत तासभर गेला. तेव्हा पेशंटची संमती कुठून आणायची? आमच्या सहीसाठी थांबले असते तर?

वकिलीण_नवी_पेठ | बुधवार, सकाळी १०:५०

तिथे थांबायचं नसतं. जीव धोक्यात आहे, माणूस बेशुद्ध आहे, संमती देऊ शकेल असं कोणी जवळ नाही, तर डॉक्टर सद्भावनेनं उपचार करू शकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०, आधीच्या दंड संहितेत ९२. आणि १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कायदेशीर सोपस्कारांसाठी जखमीचे उपचार अडवायचे नाहीत. पण ही मुभा तातडीपुरती. हिप्परगा यांच्या अम्मा शुद्धीवर आहेत, तारीख ठरवायला वेळ आहे, तिथे हे कलम पुढे करता येत नाही.

टेंभुर्णी_नाका | बुधवार, सकाळी १०:५८

तिथल्या डॉक्टरांनी न थांबता ऑपरेशनला घेतलं होतं. आता इंजिनिअरिंगला आहे पोरगा.

सिस्टर_ताई | बुधवार, दुपारी २:३०

बावीस वर्षं वॉर्डात काम केलंय, त्यातली बरीच न्यूरोमध्ये. दोन गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या सांगते.

पहिली, सहीची वेळ. पहाटे सहाला ऑपरेशनचा गाऊन घातलेला, पोट रिकामं, बाहेर ट्रॉली उभी, आणि एक शिकाऊ डॉक्टर फॉर्म पुढे करतो. त्या वेळी माणूस कशावरही सही करेल. फॉर्म आदल्या दिवशी तरी हातात मिळायला हवा.

दुसरी, नातेवाईकानं केलेलं भाषांतर. सोलापूरकडचे तेलुगू, कन्नड बोलणारे पुष्कळ पेशंट येतात. डॉक्टर पाच मिनिटं बोलतात, मुलगा आईला अर्ध्या वाक्यात सांगतो. आई तीन प्रश्न विचारते, मुलगा डॉक्टरांना म्हणतो 'काही नाही, घाबरलीय'. मला तेलुगू कळतं, मी दोन्हीकडचं ऐकलंय. म्हणून सांगते, भाषांतर घरच्या माणसानं करू नये. वॉर्डात तेलुगू येणारी सिस्टर किंवा मावशी असतेच, तिला बोलवा. फॉर्म इंग्रजीत असला तरी समजावलं कोणत्या भाषेत, कोणी, हे त्यावर लिहायला लावा. अंगठा असेल तर साक्षीदार बाहेरचा ठेवा.

काका_सात_रस्ता | बुधवार, रात्री ९:१०

डॉक्टरसाहेबांचं 'किती सांगू' विचारणं मला पटलं. भावाला आम्ही तसं विचारलं नव्हतं, एकदम सगळं ओतलं होतं. तरी माझं मत अजून हेच आहे की सांगताना घरातलं माणूस जवळ बसलेलं हवं, आणि वाईट बातमी एका बैठकीत देऊ नये. मामांशी कोणी मोठ्या माणसानं बोलायला हवं असेल तर मी बोलतो. कुंभारीला राहत असाल तर येऊन जातो.

हिप्परगा_काठ | रविवार, सायंकाळी ७:२५

सर्वांचे आभार. काय झालं ते सविस्तर लिहितो.

काका खरंच आले. मामांशी तासभर बोलले. मामांचा धीर सुटला, त्यांना अम्माच्या प्रतिक्रियेची भीती होती, बाकी काही नव्हतं. नंतर आम्ही पुण्याला गेलो. सर्जननी तेलुगू येणाऱ्या एका सिस्टरना बोलावलं आणि अम्माला विचारलं, किती जाणून घ्यायचंय. अम्मा म्हणाली, आजाराचं मला सांगा, पैशाचं पोरांना सांगा.

मग सगळं सांगितलं. गाठ हा शब्द ऐकून ती मामांवर भडकली. नस दबलीय म्हणून तिनं शेजारणीकडून तेल आणून रोज मान चोळून घेतली होती, ती मेहनत फुकट गेली म्हणून. मग बराच वेळ रडली. आम्ही थांबलो, डॉक्टरही थांबले. मग प्रश्न सुरू झाले. हात चालेल का? झटका परत येईल का? जागं ठेवल्यावर दुखेल का? शब्द गेले तर सगळे जातील की थोडे?

मामांचं म्हणणं होतं, गाठ मुळापासून काढा, काही ठेवू नका. आम्हाला सगळ्यांना तेच वाटत होतं, फॉर्मवर आम्ही तेच लिहिलं असतं. अम्मा म्हणाली, तेलुगू जाणार असेल तर तो तुकडा राहू दे. मराठी थोडी अडखळली तरी चालेल, ती मी कारखान्यात शिकले, परत शिकेन. पण बहिणीशी, नातवाशी मी तेलुगूतच बोलते. गाठ राहिली तर परत तपासायला येईन. डॉक्टरांनी हे तिच्या शब्दांत फाईलवर लिहिलं.

चित्रांचा सरावही झाला. त्यांच्या चित्रांत पियानो होता, तिला तो काय ते माहीत नव्हतं. मग सिस्टरनी सांगितलं, घरच्या वस्तूंचे फोटो आणा. मी कात्री, सूप, दोरा, तेंदूचं पान, भाकरी, कुकर असे काढून नेले. ती दोन्ही भाषांत सांगते: कत्तेर-कात्री, चेट-सूप, दारम-दोरा. पान दाखवलं की 'आकु' म्हणते आणि वर सांगते, हे पान नीट भिजवलेलं नाही, फाटेल.

दोन प्रश्न उरलेत. जागं ठेवून करायचं ते महात्मा फुले योजनेत बसतं का? आणि अम्मानं काल रात्री विचारलं, टेबलावर मी मध्येच नको म्हटलं तर? मला उत्तर देता आलं नाही.

सिस्टर_ताई | रविवार, रात्री ८:०५

योजनेत मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रिया आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. पण रुग्णालय त्या यादीत हवं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. तिथे आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा. जागं ठेवण्याचा वेगळा खर्च लावणार का, हे तिथेच लेखी विचारा.

वकिलीण_नवी_पेठ | रविवार, रात्री ८:४०

सही केलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. पुढे कागदपत्रं लागली तर मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत दंडक आहे. आणि अम्मांची इच्छा असेल तर, पुढे कधी बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं कोणी ठरवायचं, हेही त्यांनी आत्ताच लिहून ठेवावं. भावाला वाटलं तर भाऊ, तुम्हाला वाटलं तर तुम्ही. त्यांना निवडू द्या.

भूल_तज्ज्ञ | रविवार, रात्री १०:२०

अम्मांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्यांना असं सांगा.

संमती सही केल्यावर संपत नाही, ती मागे घेता येते. टेबलावर त्यांनी 'पुरे' म्हटलं तर चित्रं दाखवणं आणि चेतवणं तिथेच थांबतं. आधी आम्ही विचारू की दुखतंय, तहान लागलीय, पाय अवघडलाय की खरंच थांबायचंय. पुष्कळदा ओठाला ओला बोळा लावला, पायाखाली उशी सरकवली की त्या स्वतःच पुढे चला म्हणतात. तरी थांबा म्हटलं तर झोपेचं औषध देतो. फक्त उघडलेलं डोकं तसंच सोडता येत नाही, रक्त थांबवून बंद करावंच लागतं, हे त्यांना आधी माहीत असू द्या.

म्हणून तो निर्णय आत्ता घ्यायचा: त्या झोपल्यावर तोवर जेवढी गाठ निघाली तेवढ्यावर थांबायचं, की तपासून झालेल्या सुरक्षित भागातली उरलेली काढायची? सर्जनना हाच प्रश्न विचारा आणि अम्मांचं उत्तर फॉर्मवर लिहून घ्या. हात वर करायची खूणही ठरवा. उजव्या हाताची ताकद आम्ही तपासत असणार, तेव्हा डावा.

हिप्परगा_काठ | रविवार, रात्री १०:४४

उद्या सकाळी पहिलं काम हेच. अम्माला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणते, झोपल्यावर पुढे काही काढायचं नाही, जेवढं निघालं तेवढं पुरे.